बाह्य उष्णतारोधन आणि भिंतीतील ओल

भिंतीला बाहेरून थर्माकोलचे (फुगवलेल्या पॉलिस्टायरीनचे) किंवा खनिज लोकरीचे तक्ते चिकटवून त्यांवर काचतंतूंच्या जाळीचा पातळ गिलावा करतात, त्यास बाह्य उष्णतारोधन म्हणतात.

उगमाविषयी मतभेद आहेत. स्वीडनमध्ये १९४०च्या दशकात खनिज लोकरीवर सिमेंटचा गिलावा करीत, असे काही अभ्यासक सांगतात. आजचे रूप मात्र जर्मनीत सिद्ध झाले असावे. फुगवलेले पॉलिस्टायरीनच मुळी १९५०च्या सुमारास निघाले, आणि त्याचा भिंतीवरील पहिला वापर साधारणपणे १९५७ मध्ये बर्लिनमध्ये झाला, असे मानतात.

थंड प्रदेशात तक्त्यांमुळे मूळ भिंत उबदार राहते आणि घरातील बाष्पाचे विटांत पाणी होत नाही. पण गिलाव्याला आतून ऊब मिळत नाही. निरभ्र रात्री तो हवेपेक्षाही थंड होतो, दव धरतो आणि उत्तरेच्या अंगाला शेवाळ चढते. खरा धोका झडीच्या पावसाचा. १९९५च्या सुमारास अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टन येथे असे उष्णतारोधन केलेल्या नव्या लाकडी सांगाड्याच्या घरांत कुजलेले फळ्यांचे अस्तर सापडले. पाणी खिडकीच्या चौकटीच्या सांध्यांतून आणि छप्पर भिंतीला मिळते तिथून शिरले होते. बाहेर पडायला वाट नव्हती. १० सेंमी थर्माकोल बाष्पाला सुमारे ३ मी. स्थिर हवेइतका अडथळा करतो, तेवढीच लोकर जेमतेम १० सेंमी हवेइतका. म्हणून लाकडी भिंतीवर तक्त्यामागे निचऱ्याची फट हवीच. खिडकीखालची पट्टी गिलाव्याच्या पुढे ३-४ सेंमी काढून तिच्या कडेला पागोळी तुटेल अशी खाच ठेवावी.

भिंतीत ओल कुठे धरेल हे ताडणारी ग्लासर या संशोधकाची १९५०च्या दशकाअखेरची आकडेमोड केवळ बाष्पाचे विसरण (भिंतीतून आपोआप पसरत जाणे) मोजते. पाऊस आणि विटांचे पाणी शोषणे तिच्यात येत नाही. त्यामुळे २००७च्या युरोपीय मानकातील (ईएन १५०२६) भिंतीतील ओलीचा तासातासाचा हिशोब करणारी पद्धत अधिक भरवशाची. तिलाही गेल्या दशकांचे हवामान पुरवले तर उत्तर अपुरे येते, कारण हवामान तापते आहे. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की हवेची बाष्पधारणशक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. वायव्य युरोपात हिवाळी पाऊसही वाढतो आहे, म्हणजे भिंत भिजणे वाढते आणि दोन सरींमधला वाळण्याचा अवधी घटतो.

कोकणपट्टीत पावसाळ्यात वातानुकूलित खोलीच्या भिंतीत बाष्पाचा प्रवाह उलटा, बाहेरून आत असतो. तिथे आतल्या बाजूस प्लास्टिकचा वॉलपेपर लावल्यास त्यामागे बुरशी धरते.