मसल कारचा पिकअप कुठे गेला, त्याची पार्श्वभूमी

जुनी मसल कार, म्हणजे मोठं व्ही-८ इंजिन बसवलेली अमेरिकन गाडी, रिस्टोर होऊन बाहेर येते, रंग असा की नजर हटत नाही, आवाज तर एकदम भारी, आणि पहिल्याच सिग्नलला पाय दाबला की गाडी जरा गुदमरते, तीन हजार आरपीएम ओलांडल्यावर कुठे पळायला लागते. मग मालक मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा), मोठा कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) शोधत बसतो. माझं मत असं की आधी गाडी कुठल्या सालची आहे ते बघा, अर्ध उत्तर तिथंच आहे.

१९६४ साली जनरल मोटर्सच्या पाँटियाक कंपनीत इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि मंडळींनी मधल्या साइझच्या टेम्पेस्टमध्ये ३८९ क्युबिक इंचाचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं व्ही-८ बसवलं. एवढ्या गाडीत ३३० च्या वर इंजिन टाकायचं नाही असा जनरल मोटर्सचा नियम होता, म्हणून वेगळं मॉडेल न दाखवता जीटीओ नावाचं ऑप्शन पॅकेज म्हणून विकलं. पुढे ती मर्यादा ४०० झाली आणि १९७० ला उठलीच, आणि जनरल मोटर्सच्याच ब्यूइकच्या जीएस ४५५ ने २८०० आरपीएमला ५१० पाउंड-फूट टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, दिला, म्हणजे साधारण ६९० न्यूटन मीटर. आजची डिझेल फॉर्च्युनर ऑटोमॅटिक ५०० ला थांबते! या गाड्यांची खरी मजा खालच्या आरपीएमलाच होती, त्यांना रेडलाइनपर्यंत ताणायची गरजच नव्हती.

मग १९७० चा क्लीन एअर ॲक्ट आला. कमी शिशाच्या पेट्रोलवर गाड्या चालाव्यात म्हणून जनरल मोटर्सने १९७१ च्या मॉडेल्सचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, उतरवलं, त्या ४५५ चं १० वरून ८.५ वर आलं. १९७२ पासून हॉर्सपॉवरचा आकडा पण पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर सगळं लावून मोजलेला छापायला लागले. शेव्हरोलेच्या शेव्हेल गाडीचं ४५४ इंजिन १९७१ ला ३६५ हॉर्सपॉवरचं होतं, पुढच्या वर्षी २७०, आणि लोकांना वाटलं इंजिन मेलं. त्यातली बरीचशी घट नुसती कागदावरची होती.

खरा घात टायमिंगमध्ये, म्हणजे स्पार्क कधी पडतो त्यात, झाला आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. धूर कमी करायला स्पार्क उशिरा पाडायचा असं ठरलं. १९७० पासून बऱ्याच गाड्यांना अशी सिस्टीम होती की खालच्या गिअरमध्ये व्हॅक्युम ॲडव्हान्स (इंजिनच्या ओढीने स्पार्क लवकर पाडणारी सोय) मिळायचाच नाही, म्हणजे जिथं जोर हवा तिथंच इंजिन बांधून ठेवलेलं. रिस्टोर करणारे बिचारे प्रामाणिकपणे फॅक्टरीचा आकडा बघून ते सगळं जसंच्या तसं परत लावतात.

मिशिगनला एका मित्राच्या गॅरेजमध्ये १९७२ ची ३५० इंजिनची शेव्हेल होती, स्टिकरवर टायमिंग ६ डिग्री, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या तेवढं आधी स्पार्क. टायमिंग लाइट धरून मी डिस्ट्रिब्युटर, आपल्याकडचे जुने मेकॅनिक ज्याला डेल्को म्हणायचे तोच, अगदी केसभर फिरवला, पुलीवरची खूण सरकत १२ वर आली आणि आयडल आपोआप चढलं, ते स्क्रूने खाली आणलं. मग डिस्ट्रिब्युटरच्या आत वेगाबरोबर स्पार्क पुढे नेणारी वजनं असतात, त्यांच्या स्प्रिंगा हलक्या घातल्या, म्हणजे व्हॅक्युम सोडून एकूण ३४-३६ डिग्री तीन हजारच्या आतच मिळेल. चढावर टॉप गिअरमध्ये कान लावून ऐकायचं, खडखड आली की दोन डिग्री मागे. इंजिन न खोलता गाडीची चाल बदलली, खरंच सांगतो.

मोठ्या कॅमचं म्हणाल तर ८.५ कॉम्प्रेशनच्या इंजिनला तो विषच. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, कमी आरपीएमला आत आलेली हवा उलटी बाहेर ढकलली जाते आणि होता तो जोर पण जातो. उलट १९६५ ला आलेला क्वाड्राजेट कार्ब्युरेटर लोक काढून टाकतात याचं मला फार वाईट वाटतं, त्याचे पुढचे दोन तोंड बारीक असतात म्हणूनच हवा खालच्या वेगाला जोरात ओढली जाते आणि पेट्रोल नीट मिसळतं, ड्युअल-प्लेन मॅनिफोल्डबरोबर (मिश्रण दोन वेगळ्या वाटांनी सिलिंडरकडे नेणारा पाइपांचा भाग) याच्यासारखं काही नाही. आणि एवढं करून पण गाडी सुस्तच वाटली तर मागच्या ॲक्सलचा गिअर रेशो बघा, २.७३ असेल तर ३.५५ घाला, फक्त हायवेला इंजिन जास्त फिरणार हे धरून चाला.