स्वतःच्या गाण्याला मार्क नाही : आमच्या स्पर्धेतल्या नियमांची पार्श्वभूमी

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, पोहे-जिलबी आटोपली की, आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गाण्यांची यादी येते. विषय आधीच दिलेला असतो, प्रत्येकाने आपल्या आवडीचं एकच गाणं पाठवलेलं असतं, कुठलं कोणाचं ते फक्त त्या महिन्याच्या मुनीमजींना, म्हणजे मार्कांचा हिशेब ठेवणाऱ्याला, माहीत, आणि मग आठवडाभर ऐकून सगळ्यांनी सगळ्यांना मार्क द्यायचे. बक्षीस वगैरे काही नाही. जिंकेल त्याने पुढचा विषय द्यायचा आणि शेवटच्या नंबरवाल्याने सराफ्यातल्या खाऊगल्लीत सगळ्यांना शिकंजी पाजायची, तेही चार वर्षांत दोनदाच झालंय.

तर होतं काय की नवीन आलेले लोक दर वेळी विचारतात, अहो गाणीच ऐकायची ना, मग एवढे कायदे कशाला? नाव लपवा, स्वतःला मार्क देऊ नका, बारा-दहा-आठ असेच द्या, नऊ आणि अकरा द्यायचे नाहीत, म्हणजे आपण काय निवडणूक आयोग आहोत का. मी जुना मेंबर आणि त्यातून रिटायर्ड, म्हणून हे लिहायचं काम माझ्याकडे आलं. आणि शोधायला बसलो तर लक्षात आलं की आपण हे घरी बसून काढलेलं काहीच नाहीये, यातल्या जवळजवळ प्रत्येक नियमाच्या मागे कुठे ना कुठे कोणाचं तरी भांडण झालेलं आहे.

सगळ्यात जुनं म्हणाल तर कलगी-तुरा. महाराष्ट्रातले शाहीर एकमेकांसमोर डफ घेऊन उभे राहायचे, एकाने कोडं घालायचं, दुसऱ्याने गाऊन उत्तर द्यायचं, तुरेवाले शिवाच्या बाजूचे आणि कलगीवाले शक्तीच्या. कोकणात अजून बाऱ्या, म्हणजे असे सामने, होतात. पण इकडे माळव्यात, राजस्थानातसुद्धा हेच तुर्रा-कलंगी म्हणून आहे हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. इकडची आख्यायिका अशी की तुकनगीर नावाचे गोसावी आणि शाह अली नावाचे फकीर यांच्यात चंदेरीला सामना झाला. हो तीच चंदेरी, आपल्याला साडीशिवाय तिचं काही माहीत नसतं. तिथल्या राजाला निकाल काही देता येईना, तर त्याने आपल्या मुकुटातला तुरा एकाला दिला आणि कलगी दुसऱ्याला, आणि सुटला. खरं-खोटं आख्यायिकेचं असतं तेवढंच, पण मला हा राजा फार जवळचा वाटतो, कारण आमच्याकडे पहिले दोन महिने सगळे परीक्षक असेच वागत होते. सगळ्यांनाच तुरा.

मैफलीत तर मार्कांचा प्रश्नच नव्हता. होळकरांच्या पदरी मोठमोठे गवई-वादक होते, उस्ताद अमीर खाँसाहेबांचे वडील शाहमीर खाँ सारंगीये होते, त्यांच्या घरी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची बैठक जमायची आणि पोरगा अमीर ते ऐकत वाढला. तिथे निकाल म्हणजे काय, कोणाची मान कुठे हलली आणि कोणी पान लावायला घेतलं. ज्याला कळायचं त्याला कळायचं.

मग गाण्याला मार्क द्यायची खोड आली कुठून? थोडं लाजायला होतं पण ती बऱ्यापैकी आपल्या मराठी माणसांचीच. बडोद्याला सयाजीरावांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, म्हणजे गाणं वर्गात आलं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. भातखंड्यांनी १९१६ मध्ये बडोद्यालाच पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली आणि १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने माधव संगीत विद्यालय निघालं. शाळा म्हटली की परीक्षा आली, परीक्षा म्हटली की परीक्षक आणि शंभरपैकी किती हे आलंच. आपल्या घरोघरच्या मुली प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा करत विशारदपर्यंत जातात ते याच वाटेने. मी स्वतः प्रवेशिका पूर्णला तालाच्या ठाय-दुगुणमध्ये, म्हणजे एकपट-दुप्पट लयीत, गडबडलो होतो, त्या परीक्षकांचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे, बिचारे काही बोलले नाहीत, नुसतं पेन बंद केलं.

पण आपल्या स्पर्धेचा खरा आजोबा मला विचाराल तर संगीत नाटकातला वन्समोअर. कारण तिथे पहिल्यांदा मार्क पब्लिकच्या हातात आले. पद आवडलं की ओरडायचं, नट परत म्हणणार, दोनदा तीनदा चारदा, नाटक रात्रभर चाललं तरी चालेल. आणि याची कमाल झाली ८ जुलै १९२१ ला, मुंबईच्या बालीवाला थिएटरात, संयुक्त मानापमान. एकीकडे गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी, दुसरीकडे ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एकाच रंगमंचावर, पैसे टिळक स्वराज्य फंडाला, आणि वरचं तिकीट शंभर रुपये. १९२१ चे शंभर! म्हणायला मैत्रीचा आणि देशकार्याचा प्रयोग, पण प्रेक्षागृहात बसलेला प्रत्येक माणूस मनात मोजतच असणार की कोणाला किती वन्समोअर. पुढे कितीतरी वर्षं मराठी घरांत यावरून वाद झाले, आमचे आजोबा म्हणे केशवरावांच्या पार्टीतले होते आणि त्यांचे सख्खे मेहुणे गंधर्वांच्या, तर दिवाळीला दोघांची पानं लांब लांब मांडावी लागायची. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले, त्यामुळे परत मोजायची संधी कोणाला मिळालीच नाही.

आता नाव लपवायच्या नियमाकडे येऊ. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपले पुण्याचे, नभोवाणी मंत्री झाले. त्यांना लोक ओळखतात ते रेडिओवरून सिनेमाची गाणी हद्दपार केली म्हणून, पण त्याच काळात आकाशवाणीत ऑडिशनची पद्धतही नीट बसवली गेली. कोण गातंय ते परीक्षकांना दिसू नये, नुसता आवाज ऐकून ठरवावं, म्हणजे घराणं आणि वशिला आड येणार नाही, अशी कल्पना. बी, बी हाय, ए, टॉप या ग्रेडी त्यातल्याच. आणि यावर काय आरडाओरडा झाला! वर्षानुवर्षं मैफली गाजवलेल्या लोकांना परत परीक्षेला बसा म्हटल्यावर होणारच, कलाकारांनी बहिष्काराची भाषा केली, परीक्षक मंडळातल्या रातंजनकरांसारख्या विद्वान माणसालाही बोलणी खावी लागली. आमच्याकडे नावं लपवून फार उपयोग होत नाही तो भाग वेगळा. लोकमान्य नगरचे एक काका दर महिन्याला तलत महमूदचंच गाणं पाठवतात, विषय ‘लग्नाची वरात’ असला तरी.

केसकरांनी दार लावलं तर पब्लिक खिडकीतून गेलं, म्हणजे रेडिओ सिलोनवर. ३ डिसेंबर १९५२, बुधवार, बिनाका गीतमाला, अमीन सयानी. हे सगळ्यांना पाठ आहे पण एक गोष्ट लोक विसरतात, की सुरुवातीला त्यात पायदान-बियदान, म्हणजे गाण्यांचे नंबर, काही नव्हतं, ती श्रोत्यांसाठीची स्पर्धा होती. सात गाणी कशीही उलटसुलट लावायची आणि लोकांनी पत्राने कळवायचं की लोकप्रियतेत कुठलं पहिलं, कुठलं दुसरं, बरोबर येईल त्याला शंभर रुपये. चाळीस-पन्नास पत्रं येतील असं सयानींना वाटलं होतं, पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार आली. वर्षभरात आठवड्याला पासष्ट हजारांवर गेली, बसून मोजणार कोण, म्हणून ती स्पर्धा बंद करून १९५४ पासून सरळ पायदान सुरू केलं. म्हणजे आपण ज्याला गीतमाला म्हणतो ती मुळात मुनीमजी थकले म्हणून जन्माला आली, हे आमच्या एक्सेलवाल्या मुनीमजींना वाचून फार बरं वाटलं.

पुढे तिथेही प्रश्न आलाच की नंबर ठरवायचा कशावर. नुसत्या रेकॉर्डच्या खपावर जावं तर रेकॉर्ड दुकानात शिल्लकच नसते किंवा कोणी गठ्ठ्याने उचलतं, नुसत्या पत्रांवर जावं तर एकच माणूस पन्नास पत्रं टाकतो. म्हणून खप आणि श्रोता संघांची मतं असं दोन्ही धरायला लागले. गावोगावी श्रोता संघ निघाले, ढिगाने फर्माइशी पाठवणाऱ्या झुमरी तिलैया गावाचं नाव तर म्हणच झाली. माझे बाबा रामबागेतल्या घरी दर बुधवारी वहीत पायदान लिहायचे, लाल पेनाने सरताज गीत म्हणजे पहिल्या नंबरचं, आणि शॉर्टवेव्हची खरखर जास्त असली तर जागा रिकामी सोडून दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारून भरायचे.

मध्ये १९५७ ची मेट्रो-मर्फी स्पर्धा, महेंद्र कपूर जिंकले ती. तिथे नौशाद, अनिल विश्वास, मदनमोहन, वसंत देसाई आणि आपले चितळकर म्हणजे सी. रामचंद्र असे परीक्षक होते. पण ती गाणाऱ्यांची स्पर्धा, आपली ऐकणाऱ्यांची, त्यामुळे पुढे जातो.

बारा-दहा-आठ हा प्रकार मात्र आपला नाही, तो युरोपातून आलाय, युरोव्हिजन नावाच्या देशादेशांच्या गाण्यांच्या स्पर्धेतून, आणि आमच्यात तो आणला पळशीकर कॉलनीतल्या एका मुलाने जो तेव्हा जर्मनीत शिकत होता. ही स्पर्धा २४ मे १९५६ ला स्वित्झर्लंडच्या लुगानोला सुरू झाली, सात देश, प्रत्येकाची दोन गाणी. मजा अशी की पहिल्या वर्षी परीक्षकांना स्वतःच्या देशालाही मत देता येत होतं, मतदान गुप्त, आणि लक्झेंबर्गचे परीक्षक आलेच नाहीत तर त्यांच्या वतीने स्विस लोकांनी मतं टाकली. जिंकलं कोण? स्वित्झर्लंड. मार्क किती पडले ते कधी जाहीरच केलं नाही. पुढच्याच वर्षीपासून स्वतःच्या देशाला मत बंद. आता सांगा, नियम उगाच होतो का.

मग १९६९ मध्ये माद्रिदला चार देश बरोबरीत आले, स्पेन, ब्रिटन, हॉलंड, फ्रान्स, आणि बरोबरी सोडवायचा नियमच केलेला नव्हता, चौघांनाही विजेते म्हणावं लागलं. चंदेरीच्या राजासारखंच झालं, फक्त इथे मुकुटातून चार दागिने काढावे लागले. काही देश रागावून पुढच्या वर्षी आले नाहीत. बरोबरीचा नियम त्यानंतर झाला आणि १९७५ पासून ही बारा, दहा, आठ आणि मग सात ते एक अशी पद्धत लागली. वरच्या दोन पायऱ्यांमध्ये दोन-दोनचं अंतर एवढ्यासाठी की तुमचं खरं आवडतं गाणं कुठलं ते स्पष्ट सांगावंच लागतं. १९९७ मध्ये पाच देशांत फोनवरून लोकांची मतं घेऊन बघितली आणि नंतर ते सगळीकडे पसरलं, तर शेजारी शेजाऱ्याला आणि परदेशी गेलेले आपल्या मायदेशाला मत देतात अशी बोंब झाली. म्हणून २००९ च्या फायनलपासून अर्धे मार्क परीक्षकांचे, अर्धे लोकांचे.

हे वाचून इंदूरकरांनी हसू नये. आमच्याकडे एका महिन्यात एकाच घरातले पाच जण ग्रुपात दाखल झाले होते, पाचही जणांची बारा एकाच गाण्याला, आणि गाणं घरातल्या सहाव्या माणसाचं.

आपल्याकडे टीव्हीवर हेच सगळं परत एकदा घडलं. १९९५ मध्ये झीवर सारेगामा, सोनू निगम समोर आणि बाजूला संगीतातली जाणकार मंडळी, कानाचा मान. २००४ मध्ये इंडियन आयडॉल आलं आणि एसएमएसचा जमाना सुरू झाला, आपला अभिजीत सावंत जिंकला. मग मराठी सारेगमपचे लिटल चॅम्प्स, २००८-०९, मुग्धा, आर्या, प्रथमेश, रोहित, आणि जिंकली कार्तिकी. त्या वेळी इंदूरच्या मराठी घरांत काय वातावरण होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांनाच कळेल, गणपतीच्या मांडवातसुद्धा लहान पोरं तेच म्हणत होती. तिथे अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत आकड्यांऐवजी स्वर द्यायचे, ध, नी, आणि फारच भारी झालं तर ‘वरचा सा’.

म्हणून २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही स्पर्धा सुरू केली तेव्हा साहजिकच स्वर द्यायचं ठरलं. आणि तिथेच फसलो. इंदूरचा माणूस समोरच्याला म किंवा प कसा देणार, बरं दिसतं का ते! पहिल्या महिन्यात एकोणीस गाण्यांपैकी अकरांना वरचा सा, दुसऱ्या महिन्यात चौदांना. कोणी जिंकेचना. तिसऱ्या महिन्यात जर्मनीवाल्याने बारा-दहा-आठ सुचवलं, त्यात सगळ्यांना खूश करताच येत नाही, एकाला बारा दिले की दुसऱ्याला नाही. त्या महिन्यात दोन जण ग्रुप सोडून गेले. एक परत आले.

बाकी छोटे नियम आमचे अनुभवाचे. गाण्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून लावतो कारण यादीत शेवटी आलेलं गाणं मार्क देताना जास्त लक्षात राहतं, युरोव्हिजनचे जुने निकाल तपासणाऱ्यांनाही उशिरा आलेल्यांना फायदा होतो असंच दिसलं होतं. आवाज सगळ्या गाण्यांचा सारखा करून घेतो, कारण जरा मोठ्याने वाजलं की तेच गाणं जास्त चांगलं वाटतं, आणि १९४८ ची खरखरती रेकॉर्ड बिचारी नव्या रेकॉर्डिंगपुढे तशीच मार खाते. व्हिडिओ बघून मार्क द्यायचे नाहीत. हा शेवटचा नियम कोणी पाळत नाही.

राहिला एक प्रश्न, सप्टेंबरचा. लताबाई इथल्याच, २८ सप्टेंबर १९२९, सिख मोहल्ला, त्यामुळे सप्टेंबरचा विषय कायमचा त्यांचाच असतो, जिंकणाऱ्याला तेवढा एक महिना विषय द्यायला मिळत नाही. एवढी हजारो गाणी असून दर सप्टेंबरला दोन-तीन जण तेच गाणं पाठवतात. मग मतं फुटतात, दोघंही सातव्या नंबरवर, आणि बेरीज केली असती तर पहिलं आलं असतं ते गाणं. आधी पाठवेल त्याचं धरावं असं मुनीमजी म्हणतात, त्यावर तलतवाले काका म्हणतात की मग नाव लपवायचं कशाला, दुसऱ्याला गाणं बदल म्हणून सांगितलं की त्याला कळलंच. गेल्या सप्टेंबरात यावरून दोन दिवस ग्रुप तापलेला होता आणि शेवटी कोणीतरी सराफ्यातल्या गराडूचा फोटो टाकून विषय बदलला. यंदा गाणी मागवायच्या आधी काहीतरी ठरवायला लागणार, सुचत असेल तर शनिवारपर्यंत मुनीमजींना कळवा.