काशीतला एक दिवस: यात्रेकरूंनी निघण्याआधी वाचून ठेवावं असं काही

‘काशीस जावे नित्य वदावे’ असं म्हणतात. नोंदणी करून आपण नुसतं वदण्याच्या पुढे आलात, त्याबद्दल आभार.

कार्यक्रमपत्रिका हातात पडली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘काशीला अख्खा दिवस, आणि ठिकाणं एवढीच?’ हो, एवढीच. जुन्या काशीत बस शिरत नाही. गोदौलिया चौकाच्या अलीकडे उतरावं लागतं आणि पुढचं सगळं पायी. गल्ल्या तुळशीबागेपेक्षा अरुंद, त्यात दुचाक्या, गायी, फुलवाले आणि मधूनच ‘राम नाम सत्य है’ म्हणत जाणारी अंत्ययात्रा. अशा ठिकाणी पंधरा देवळं एका दिवसात ‘करणं’ म्हणजे पंधरा दारांबाहेर चपला काढणं, एवढंच होतं. म्हणून आम्ही पहाट घाटांना, सकाळ विश्वेश्वराला आणि संध्याकाळ आरतीला दिली आहे. दुपार आपली, झोपा काढल्यात तरी हरकत नाही.

पहाटे इतक्या लवकर का उठवता?

काशी पुण्याच्या बरीच पूर्वेला आहे, घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे तिथला सूर्य थंडीत वीसेक मिनिटं आणि उन्हाळ्यात पाऊण तासाहून अधिक आधी उगवतो. पुण्याच्या सवयीने सहाला चहा मागवलात तर उन्हाळ्यात तोवर उजाडून गेलेलं असतं. शिवाय काशीत गंगा उत्तरेकडे वाहते आणि सगळे घाट पश्चिम काठावर आहेत, म्हणजे सूर्य थेट समोर, नदीपलीकडच्या मोकळ्या वाळूवर उगवतो. ते पाहायचं तर नावेत अंधारातच बसायला हवं.

नाव अस्सी घाटावरून निघते. तिथून जवळच भदैनीत मणिकर्णिका तांबे, म्हणजे झाशीची राणी लक्ष्मीबाई, यांचं जन्मस्थान आहे. चालवत असेल त्यांनी आदल्या संध्याकाळी पाहून यावं. पुढे नाव उत्तरेकडे सरकू लागली की मराठी माणसाला ओळखीची नावं भेटायला लागतात. दशाश्वमेध घाटाच्या बांधकामाशी नानासाहेब पेशवे आणि अहिल्याबाई होळकर ही दोन्ही नावं जोडलेली आहेत. अहिल्याबाईंच्या नावाचा घाट तर वेगळाच आहे. मणिकर्णिका घाटाच्या पलीकडे बायजाबाई शिंद्यांनी बांधवलेला शिंदे घाट (तिथले लोक ‘सिंधिया’ म्हणतात), त्याच्यालगत पाण्याकडे कललेलं रत्नेश्वराचं देऊळ, आणि आणखी पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट. एकनाथांनी भागवतावरची टीका पैठणात सुरू केली, पण पुरी केली ती याच काशीत, 1573 साली. रायगडावर 1674 मध्ये शिवराज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचेच, मूळ घराणं पैठणचं. आमच्या मते हा नावेतला तास सगळ्या यात्रेचा गाभा आहे, म्हणून त्यात आम्ही काटछाट करत नाही. नावाड्याचं भाडं आम्ही दिलेलं असतं. त्याने वर काही मागितलं तर आमच्या माणसाकडे बोट दाखवा.

मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवर चिता जळत असतात. तिथे मोबाईल खिशात ठेवा. आपल्या घरच्या दुःखात कुणी कॅमेरा रोखलेला आपल्याला चालेल का, एवढा विचार पुरे. ‘गरिबांच्या लाकडांसाठी दान द्या’ म्हणत मागे लागणारे तिथे भेटतात. हात जोडा आणि चालू लागा.

विश्वेश्वराचं दर्शन

आजचं देऊळ अहिल्याबाईंनी 1780 च्या सुमारास बांधलं. शिखरावरचं सोनं महाराजा रणजितसिंहांनी दिलेलं. डिसेंबर 2021 पासून गंगेकडून थेट देवळापर्यंत प्रशस्त मार्ग झाला आहे, त्यामुळे जुन्या आठवणी सांगणाऱ्या नातेवाइकांच्या खाणाखुणा आता फारशा जुळणार नाहीत. मोबाईल, पिशवी, कॅमेरा आत नेता येत नाही. ते सगळं हॉटेलातच ठेवून यावं. ओळखपत्र आणि थोडे सुटे पैसे जवळ असू द्यात. रांग टाळायची असेल तर पैसे भरून मिळणारं सुगम दर्शन मंदिर न्यासाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. ‘मी पाच मिनिटांत दर्शन करवतो’ म्हणणाऱ्याच्या मागे कृपया जाऊ नका. शेजारी अन्नपूर्णा आहे, आणि काशीचा कोतवाल काळभैरव थोडा लांब. गुडघे साथ देत असतील तर दोन्ही करा.

तारखा ठरवताना एक गोष्ट पुण्यात बसून लक्षात येत नाही. उत्तरेकडे महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस लागतो. आपल्याकडे आषाढच चालू आहे, गर्दी नसेल, असा हिशेब करून गेलात तर गंगाजल घेऊन शंकराला वाहायला येणाऱ्या कावडवाल्यांच्या ऐन झुंबडीत सापडाल. पावसाळ्यात पाणी चढलं की खालच्या पायऱ्या बुडतात, नावा बंद होतात आणि आरतीची जागाही वर सरकते. म्हणून त्या काळात आम्ही सहल नेत नाही. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या आणि विमानं रखडतात. कार्तिकी पौर्णिमेची देवदिवाळी पाहायची असेल तर खोल्यांसाठी खूप आधी सांगा.

विधी, खाणं, खरेदी

श्राद्ध किंवा पिंडदान करायचं असल्यास नोंदणीच्या वेळीच कळवा. दुर्गाघाट, ब्रह्माघाट भागात महाराष्ट्रीय पुरोहितांची घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दक्षिणा आधी बोलून घेतलेली दोघांनाही बरी. न्याहारीला कचोरी-भाजी आणि जिलेबी. थंडीत गेलात तर सकाळी मलइयो (दुधाचा गोड फेस) चुकवू नका, बाकीच्या ऋतूंत ते मिळत नाही. उपास असेल तर साबुदाण्याच्या खिचडीचं आदल्या दिवशी सांगा, आयत्या वेळी जमत नाही.

शालू जरूर घ्या, पण नावाडी किंवा रिक्षावाला नेईल त्या दुकानात नको. त्याचं कमिशन आपल्याच बिलात असतं. हातमागाचा शालू उलटून पाहावा, मागच्या बाजूने धाग्यांची टोकं दिसतात.

संध्याकाळची आरती दशाश्वमेधावर, ऋतूप्रमाणे सहा-सातच्या सुमारास. पायऱ्यांवर जागा हवी तर तासभर आधी पोहोचावं लागतं. गुडघेदुखीवाल्यांना आम्ही नावेत बसवतो.

मावंद्यासाठी, म्हणजे यात्रेहून परतल्यावर घालायच्या जेवणासाठी, गंगेचे गडू विश्वनाथ गल्लीत मिळतात. सील नीट पाहून घ्या, आणि परतीला विमान असेल तर गडू हातातल्या पिशवीत ठेवू नका, विमानतळावर काढून घेतात. मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून ठेवा.