पचनाची सगळी सूत्रं मेंदूकडे? नाही!

अन्न पोटात गेलं की मेंदू मज्जातंतूंतून हुकूम सोडतो आणि पाचकरस स्रवतात, ही समजूत अजूनही कानावर येते. एकेकाळी शास्त्रज्ञही असंच मानत. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी या समजुतीला धक्का दिला. भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका भागाकडे जाणारे मज्जातंतू त्यांनी कापले, रक्तवाहिन्या मात्र शाबूत ठेवल्या. त्या भागात आम्ल सोडलं. तरीही स्वादुपिंडातून रस टपकू लागला! मग आतड्याचं अस्तर खरवडून, आम्लात घोटून, गाळून तो अर्क शिरेत टोचला, पुन्हा तेच. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. तो नेणारं संप्रेरक म्हणजे सिक्रेटिन, २७ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी.

जठरातलं आम्ल आतड्यात उतरलं की अस्तरातल्या पेशी सिक्रेटिन सोडतात, स्वादुपिंड बायकार्बोनेटयुक्त रस पाठवतं, आम्ल शमतं आणि त्यासरशी सिक्रेटिनही ओसरतं. ही स्वयंशिस्त मला फार विलक्षण वाटते. स्निग्ध पदार्थ आले की कोलेसिस्टोकायनिन हे आतड्यातलंच दुसरं संप्रेरक पित्ताशय आकुंचित करतं, जठर रिकामं होण्याचा वेगही कमी करतं. आणखी दोन संप्रेरकांपैकी गॅस्ट्रिन जठरातलं आम्ल वाढवतं, सोमॅटोस्टॅटिन ते रोखतं.

मेंदूचा संबंधच नाही, असं मात्र समजू नका. अन्नाच्या नुसत्या वासाने जठररस सुटतो तो मेंदूला पचनसंस्थेशी जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमुळे, आणि कोलेसिस्टोकायनिनसुद्धा आपलं बरंचसं काम याच मज्जातंतूकडून करून घेतं.