सुजलेला हात आणि २०० मिलिलीटरची रेघ

स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या लसीकाग्रंथी (गाठी) काढल्या की काही जणींचा हात सुजतो. सुजला हे दिसतेच. किती सुजला, यावर मात्र अजून एकमत नाही.

पाण्याची पद्धत सर्वांत जुनी. तोटीच्या उभ्या भांड्यात तोटीपर्यंत पाणी भरायचे, हात सावकाश बुडवायचा आणि सांडलेले पाणी तोलायचे. जेवढे ग्रॅम, तेवढे मिलिलीटर. एकोणिसाव्या शतकात शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी हेच पाणी बंद नळीत घालून प्लेथिस्मोग्राफ केला. ग्रीक शब्दाचा अर्थच 'वाढ'. हातात रक्त किती चढते-उतरते ते या यंत्राने टिपायचे, म्हणून त्याला सरसकट घनफळमापक म्हणू नये. १९५३ साली पारा भरलेल्या रबरी नळीचे कडे आले, तेही बदलच मोजणारे.

दवाखान्यात पाणी टिकले नाही. जखम असेल तर हात बुडवता येत नाही, आणि प्रत्येक रुग्णामागे भांडे धुवा, पाणी बदला. मग टेप आली. मनगटापासून वर दर ४ सेंटिमीटरवर घेर घ्यायचा, त्याचा वर्ग करून π ने (३.१४ ने) भागायचे, की त्या चकतीचे घनफळ मिळते. घेर २४ असेल तर १८३ मिलिलीटर. टेप अर्धा सेंटिमीटर आवळली तर १७६. अशा दहा चकत्या धरल्या तर सत्तरेक मिलिलीटर नुसते बोटांच्या दाबात जातात. दर वेळी त्याच माणसाने मोजावे, असा आग्रह असतो तो यामुळे. पंजा मात्र टेपच्या हिशेबात बसत नाही. तिथे पाणीच बरे.

खरा घोळ पुढे आहे. सूज कधी म्हणायची? कुणी दोन हातांच्या घेरात २ सेंटिमीटरचा फरक धरतात, कुणी घनफळात २०० मिलिलीटरचा, कुणी १० टक्क्यांचा. आकडे गोल आहेत, शरीर गोल आकड्यांत सुजत नाही. दीड लिटरच्या सडपातळ हाताला २०० मिलिलीटर म्हणजे १३ टक्के, तीन लिटरच्या हाताला सातही नाहीत. शिवाय उजव्या हाताने काम करणाऱ्या बाईचा उजवा हात मुळातच थोडा भरलेला असतो. शस्त्रक्रियेआधीचे माप नसेल तर तुलना कशाशी करायची? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत त्याच बायकांवर वेगवेगळे निकष लावले, तेव्हा पाच वर्षांनी सूज असलेल्यांचे प्रमाण ४३ पासून ९४ टक्क्यांपर्यंत निघाले. सर्वांत जास्त भरले ते २ सेंटिमीटरच्या निकषाने. विम्याचा दावा किंवा सूज दाबून धरणारी घट्ट बाही मिळणे अशा रेघेवर अडले, तर रेघ कुणी आणि का आखली हे विचारायलाच हवे.

नंतर अवरक्त किरणांची चौकट आली; हातावरून सरकवली की काही सेकंदांत घनफळ. विद्युतरोध मोजणारी यंत्रे घनफळ न मोजता ऊतींतले पाणी अजमावतात, तरी दोन्ही अहवाल एकाच फाइलमध्ये शेजारी लागतात. आता हाताचा त्रिमितीय आकार टिपणारे कॅमेरेही आहेत. चांगलेच आहेत, पण टेप काही रुपयांना मिळते.

विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूरकडे, हत्तीपायाच्या रुग्णाचा पाय सहसा कुणी पाण्यात बुडवत नाही. तिथे टप्पा ठरतो तो त्वचेच्या घड्यांवरून आणि गाठींवरून, आणि पहिलाच प्रश्न असतो: रात्री पाय वर ठेवून झोपलात, तर सकाळी सूज उतरते का?