इंग्रजीतली अनियमित क्रियापदं आणि डिक्शनरीतली त्यांची नोंद

ज्या इंग्रजी क्रियापदांचा भूतकाळ नुसता '-एड' लावून होत नाही ती अनियमित क्रियापदं. गो-वेन्ट-गॉन, सिंग-सँग-संग, कट-कट-कट वगैरे. व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्री असे तीन कॉलम आखून घोकंपट्टी केलेल्यांना यादी नव्याने द्यायची गरज नाही. आजच्या इंग्रजीत अशी साधारण दीड-दोनशे क्रियापदं धरतात, उपसर्ग लागलेली मोजली की आकडा वाढतो. हजारो क्रियापदांमध्ये हा आकडा किरकोळ आहे, पण रोजच्या बोलण्यात सगळ्यात जास्त येणारी क्रियापदं (बी, हॅव, डू, गो, से, गेट) यातलीच.

'अनियमित' हे नाव तसं फसवं आहे, कारण यातली बरीचशी एकेकाळी नियमानेच चालायची, फक्त तो नियम आता मोडीत निघालाय. जुन्या इंग्रजीत, म्हणजे ढोबळमानाने इ.स. ११००च्या आधीच्या भाषेत, क्रियापदांचे दोन मोठे गट होते. एक आतला स्वर बदलून भूतकाळ करायचा आणि दुसरा शेवटी 'ड' किंवा 'त'चा प्रत्यय लावून. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने यांना 'सबल' आणि 'दुर्बल' म्हटलं (हाच तो परीकथावाला ग्रिम) आणि ती नावं टिकली. सबल क्रियापदांचे सात वर्ग पाडतात.

आता इथे एक गोष्ट शाळेच्या तक्त्यात कधीच येत नाही. सबल क्रियापदाला भूतकाळाचे स्वर दोन असायचे, एकवचनाला एक आणि अनेकवचनाला दुसरा. 'मी गायलो'ला 'सांग' (आपल्या 'सांग'शी काही संबंध नाही) आणि 'आम्ही गायलो'ला 'सुंगोन'. संस्कृत शिकलेल्यांना 'वेद' म्हणजे मला माहीत आहे आणि 'विद्म' म्हणजे आम्हाला माहीत आहे ही जोडी आठवेल, तिथेही एकवचनात स्वर भारी आणि अनेकवचनात हलका, आणि हा योगायोग नाही, दोन्हीकडे एकाच मूळ इंडो-युरोपीय (संस्कृत आणि इंग्रजी दोघींची पूर्वज भाषा) स्वरबदलाचा वारसा आहे. पुढे मध्ययुगीन इंग्रजीत वचनाचा हा भेद गळून पडला आणि प्रत्येक क्रियापदाला दोनातला एक स्वर ठेवावा लागला. राइडने एकवचनाचा ठेवला म्हणून रोड, बाइटने अनेकवचनाचा ठेवला म्हणून बिट, खरं तर दोघंही एकाच वर्गातली. ड्रिंक, श्रिंक, स्प्रिंग यांचं भांडण तर आजही पुरतं मिटलेलं नाही. अठराव्या शतकात चांगले शिकलेले लोकही 'आय हॅव ड्रँक' लिहायचे, आणि रॉबर्ट लाउथने १७६२च्या व्याकरणात असल्या रूपांवर टीका केली. जुना वचनभेद आज फक्त वॉज-वेअरमध्ये शिल्लक आहे.

दुर्बल गटाच्या 'ड' प्रत्ययाचं मूळ हा मात्र जुना वाद. एक मत असं की तो 'डू' या क्रियापदाचाच झिजलेला अवशेष, म्हणजे 'वाचव-केलं' अशी काहीतरी जोडरचना. याला गॉथिक या इंग्रजीच्या नात्यातल्या, आता लुप्त झालेल्या भाषेचा आधार दाखवतात, तिथे 'आम्ही वाचवलं'ला 'नासिदेदुम' असं रूप मिळतं आणि त्यातलं 'देदुम' उघडउघड 'डू'च्या भूतकाळासारखं दिसतं. दुसरं मत असं की हा प्रत्यय '-त' या कृदंतातून (क्रियापदापासून झालेलं विशेषणासारखं रूप, म्हणजे व्ही-थ्री) आला, जो संस्कृतात गत, कृत यांत आहे. गॉथिकमधलं एकवचन 'नासिदा' आखूड का, हे पहिल्या मताला नीट सांगता येत नाही हे खरं, तरी अनेकवचनाचा पुरावा बाजूला सारणं अवघड आहे आणि बहुतेक अभ्यासक थोड्याफार फरकाने पहिल्याच मताकडे झुकतात. व्ही-थ्रीमधला '-एड' मात्र त्या '-त'चाच भाऊ, यावर फारसा वाद नाही. म्हणजे पहिलं मत बरोबर असेल तर व्ही-टू आणि व्ही-थ्रीमधले दोन '-एड' दिसायला जुळे पण घराणी वेगळी.

वेन्ट हे मुळात 'वेंड' या दुसऱ्याच क्रियापदाचं रूप, ते गोच्या घरात आलं आणि आधीचं 'एओडे' हे रूप बाहेर गेलं. मराठी माणसाला याचं नवल वाटायला नको, आपलं जाणे 'या' धातूवरून आणि गेला 'गत'वरून, म्हणजे तोच प्रकार.

सगळी वाहतूक नियमिताकडेच जाते असंही नाही. हेल्पचं 'होल्प' जाऊन हेल्प्ड झालं, पण डिगचं 'डिग्ड' जाऊन डग झालं. फ्रेंचमधून आलेल्या कॅचने कॉट उचललं, स्ट्राइव्हने स्ट्रोव्ह. २००७ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेतली होती, त्यातली मध्ययुगीन इंग्रजीत १४५ आणि आज ९८ अनियमित राहिलीत. वापर शंभरपट कमी असेल तर क्रियापद दहापट वेगाने नियमित होतं, असा त्यांचा हिशोब.

डिक्शनरीवाल्यांपुढे प्रश्न असा की ही रूपं ठेवायची कुठे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या कोशाच्या प्रस्तावनेतच सांगितलंय की भूतकाळाची वाकडी रूपं आपण मुद्दाम दिली, कारण ती बोलणाऱ्याला सवयीची असली तरी शिकणाऱ्याला अडवतात. १८८४ ते १९२८ या काळात भागाभागाने निघालेल्या ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने दुसरा मार्ग धरला, मिळालेलं प्रत्येक स्पेलिंग शतकवार मांडायचं. जागा वाचवायला शतकाचा फक्त शेवटचा आकडा, म्हणजे ४ म्हणजे चौदावं शतक, ५ म्हणजे पंधरावं, आणि १ म्हणजे ११००च्या आधीचं सगळंच. सवय नसेल तर ते पान टेलिफोन डिरेक्टरीसारखं दिसतं.

अमेरिकन मेरियम-वेब्स्टरची खुबी वेगळी, दोन रूपांमध्ये 'ऑर' असेल तर दोन्ही बरोबरीची, 'ऑल्सो' असेल तर दुसरं कमी चालणारं. त्यांच्या कॉलेजिएट कोशात डाइव्हच्या भूतकाळाला 'डाइव्ह्ड ऑर डोव्ह' आणि कृदंताला 'डाइव्ह्ड ऑल्सो डोव्ह' असं आहे, म्हणजे एवढ्याशा शब्दात संपादकांचं मत येऊन जातं आणि वाचणाऱ्याला बहुतेक कळतही नाही. ब्रिटिश कोश डोव्हवर सरळ अमेरिकन असा शिक्का मारतात. हँगसारख्या क्रियापदाला रूप अर्थाप्रमाणे द्यावं लागतं, फोटो हंग आणि फाशी दिलेला माणूस हँग्ड, कारण मागे एक सबल आणि एक दुर्बल अशी जुनी वेगळी क्रियापदं एकत्र मिसळलीत.

बोलीतली नोड (न्यूऐवजी), ग्रोड (ग्रूऐवजी), कॅच्ड (कॉटऐवजी) अशी रूपं सर्वसाधारण कोशांत क्वचितच नीट येतात, त्यांच्यासाठी जोसेफ राइटचा सहा खंडांचा बोलीकोश (१८९८ ते १९०५) उघडावा लागतो.