कारागृहातील कपडे आणि स्वच्छता

बंद्यांना मिळणारे कपडे, अंथरूण-पांघरूण आणि ते स्वच्छ ठेवण्याची सोय यांचा या विषयात समावेश होतो. १८९४ च्या कारागृह अधिनियमाने यात मूळ भेद केला. न्यायाधीन बंदी, म्हणजे बोलीतला 'कच्चा कैदी', स्वतःचे कपडे वापरू शकतो आणि घरूनही मागवू शकतो (कलम ३१). ज्याची ऐपत नाही त्याला कारागृहाने द्यायचे (कलम ३३). शिक्षा लागलेल्या 'पक्क्या' कैद्याला गणवेश असतो. महाराष्ट्रात पुरुषांचा पांढरा सदरा, विजार, टोपी आणि स्त्रियांची हिरवी साडी हा ओळखीचा वेश. कलम ३२ नुसार न्यायाधीन बंद्याने आपला कपडा दुसऱ्याला देणे, भाड्याने लावणे किंवा विकणे मना आहे. आत कपड्याचाही बाजार भरतो, हे कायदा लिहिणाऱ्यांना पक्के ठाऊक असावे.

जोड किती मिळाले यापेक्षा ते वाळतात कुठे, हा खरा प्रश्न आहे. दोरीचा उपयोग गळफासाला किंवा भिंत ओलांडायला होऊ शकतो, म्हणून बराकीत दोरी चालत नाही. मग कपडे गजांवर किंवा फरशीवर पसरतात. पावसाळ्यात कमरेची दुमड आणि जांघेची शिवण दमट राहते आणि नायटा नेमका तिथेच सुरू होतो. त्यावर स्टेरॉइड मिसळलेले मलम लावले तर खाज थांबते, बुरशी मात्र पसरत जाते.

खरूज हा दाटीचा आजार आहे. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची क्षमता अनेक वर्षे ८०४ धरली जात होती, प्रत्यक्षात बंदी तीन हजारांवर गेले. अंगाला अंग लागून झोपणाऱ्यांत खरजेचा सूक्ष्म किडा सहज फिरतो. पहिल्या लागणीत खाज २ ते ६ आठवड्यांनी सुटते, म्हणजे तक्रार येईपर्यंत शेजारचे तिघेचौघे बाधित झालेले असतात. म्हणून एकट्याला मलम देणे व्यर्थ. सगळ्या बराकीला एकाच दिवशी उपचार करावा लागतो. ५ टक्के पर्मेथ्रिन मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखालीही लावतात, ८ ते १४ तासांनी धुतात आणि आठवड्याने पुन्हा लावतात. त्याच दिवशी कपडे व चादरी ५० अंशांहून गरम पाण्यात धुवाव्या लागतात. कांबळे धुणे जमत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत किमान ३ दिवस बंद ठेवावे, कारण अंगाबाहेर किडा एवढा टिकत नाही. मोहीम फसते ती बहुधा इथेच: मलम लागते आणि रात्री तेच कांबळे अंगावर येते. दुसरे कारण नव्या बंद्याचे. दाखल होताना त्वचा न तपासता त्याला बराकीत सोडले की सगळे पहिल्यापासून.

स्त्रियांना सॅनिटरी पॅड मोफत मिळावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या स्त्री बंद्यांविषयीच्या २०१० च्या बँकॉक नियमांत आहे. वापरलेले पॅड टाकायला झाकणाचा डबा नसला की ते संडासात जातात आणि मैल्याची नळी तुंबते. आईसोबत ६ वर्षांपर्यंतचे मूल राहू शकते. त्याला हवामानाला साजेसे कपडे द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये बजावले. त्याआधी याच न्यायालयाच्या १९९६ च्या राममूर्ती खटल्यातील निकालाने तुरुंगांच्या नऊ मुख्य समस्यांत आरोग्य-स्वच्छतेची हेळसांड आणि अपुरे कपडे यांचा समावेश केला होता.

साफसफाई कोणी करायची, हे बऱ्याच तुरुंग नियमावल्यांत जातीवरून ठरत असे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि बंद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले.